डोंगरउतारावरच्या वाडीचं सांडपाणी: शोषखड्डा की दुसरं काही?

डोंगरकपार: नमस्कार. आमची वाडी वेल्ह्याकडच्या डोंगरात आहे. चाळीस उंबरे, दोनशेच्या आसपास माणसं. जलजीवनचे नळ आल्यापासून मोऱ्यांचं पाणी पायवाटेवरून वाहतंय. वाडीखाली झरा आहे आणि चैत्रात नळ आटला की सगळे तिथंच पाणी भरतात. घरटी शोषखड्डा करा, असं ठरतंय. दोघांनी केले, पण पावसाळ्यात दोन्ही तुडुंब. कुणी केलं असेल तर सांगा, पोरं आजारी पडायच्या आत काहीतरी करायचंय.

गोदाकाठ: दादा, शोषखड्डा वाईट नाही. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं त्याच्याच जोरावर उघडी गटारं बंद केली. तुमच्याकडं खणताना कातळ किती फुटांवर लागला?

डोंगरकपार: दोन-अडीच फुटांवर.

पाणीवाला: मग खड्डा नकोच. सांडपाणी गाळते ती माती, आणि तुमच्याकडं तीच नाही. खड्ड्यातलं पाणी कातळाच्या भेगांत शिरणार, आणि झराही त्याच भेगांतून येतो. पावसाळ्यात भेगा आधीच भरलेल्या असतात, म्हणून खड्डे तुंबले.
हिशेब बघा. माणशी रोज 55 लिटर धरले आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी झालं, तर दोनशे माणसांचं 8,800 लिटर होतं. उतार आहे, तेव्हा पंप नको, वीज नको. बंद पाइपनं सगळं झऱ्याच्या खालच्या अंगाला न्या. आधी एक दिवसाचं पाणी मावेल अशी निवळण टाकी, मग दोन फूट खोल खडीचा वाफा, तळ पक्का, वर कर्दळ. पाणी तीन दिवस तरी खडीत राहायला हवं, त्यासाठी सव्वा गुंठा जागा लागेल. पाण्याची पातळी खडीच्या तीन-चार बोटं खालीच ठेवा, म्हणजे डास होत नाहीत. बाहेर पडेल ते झाडांना द्या, प्यायला नाही.

अळूचंपान: आमच्या वाडीत, राजापूरकडं, असाच वाफा आहे. पहिल्याच पावसात तो चिखलानं बसला, कारण दोन घरांनी पागोळ्यांचं पाणी मोरीच्या पाइपात सोडलं होतं. अख्खी खडी उपसून धुवावी लागली, आम्ही बायकांनी चार दिवस घातले. म्हणून भाऊ, पावसाचं पाणी वेगळं म्हणजे वेगळंच! प्रत्येक मोरीला जाळी बसवा. जाळी कोण साफ करणार, हे खडी आणण्याआधी ठरवा. आमच्यात बचत गटानं आठवड्याच्या पाळ्या लावल्यात.

डोंगरकपार: ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आणि संडासाचं?

पाणीवाला: ते या वाफ्यात अजिबात आणू नका. दोन खड्ड्यांचा संडास चालेल, पण तो झऱ्याच्या वर नको, आणि खड्डे जमिनीच्या वर उचलून बांधा. तळ बंद करा, भोवती दीड फूट वाळू भरा. एक भरला की दुसरा सुरू. भरलेल्याला दोन वर्षं हात लावू नका, मग त्याचं निर्धोक खत होतं. झऱ्याच्या खाली जागा आहे का?

डोंगरकपार: दोन पडीक ताली आहेत. एक आमचीच आहे, ती देतो. काल दादांशी बोललो, ते हो म्हणाले. रस्ता तिथवर नाही, खडी डोक्यावरून न्यावी लागेल. दिवाळीनंतर सुरुवात करतो.

अळूचंपान: खडी धुऊनच टाका, भाऊ. आणि कर्दळीचे कंद हवे असतील तर सांगा, आमच्याकडं पोतंभर निघतील.