एचओ लेआउटसाठी दोन रुळांचं लोको शेड: कोणतं किट घ्यावं?

धरमपेठ_एचओ
मॉडेल रेल्वेचा आठ बाय चार फुटांचा प्लायवरचा लेआउट आहे. एचओ (1:87 माप), साधं डीसी कंट्रोल. रूळ पेको कंपनीचे कोड 100, पॉइंट (रूळ फाटतो तो तुकडा) पेकोच्याच स्ट्रीमलाइन मालिकेचे. लोको शेडसाठी 350 मिमी लांब आणि 150 मिमी रुंद जागा काढली आहे, आत दोन रूळ हवेत. इंजिनं दोनच: डब्ल्यूडीएम-3ए (डीझेल) आणि डब्ल्यूएपी-7 (विजेवरचं). तीन पर्याय समोर आहेत: जर्मन बनावटीचं एचओ प्लास्टिक किट, ब्रिटिश ओओ (1:76) मापाचं छापील पुठ्ठ्याचं किट आणि लेझरने कापलेलं एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी). खोली गच्चीवर आहे, वर टिनाचं छत. दिसायला जर्मन किट सगळ्यांत देखणं, पण कोणतं घ्यावं?

खापरी_यार्ड
भाऊ, देखणेपण शेवटी बघा. आधी आतली लांबी, मग दार, मग दोन दारांच्या मध्यांतलं अंतर. या तीन मापांत जे किट बसत नाही ते कितीही सुंदर असलं तरी शोभेचंच राहतं.

लांबी: डब्ल्यूएपी-7 प्रत्यक्षात 20.56 मीटर, म्हणजे 1:87 मध्ये 236 मिमी. कपलिंग धरून 250. डब्बीवर छापलेलं माप बहुतेक वेळा पायाच्या पाटीचं असतं आणि त्यात बाजूची ऑफिसची खोली, समोरचा ओटा असं सगळं येतं. तुमच्या 350 मधून दोन भिंतींचे 6, बफर स्टॉपचे (रुळाच्या टोकाचा अडसर) 25 आणि दारामागे मोकळे 10 मिमी वजा केले की 309 उरतात. म्हणजे एका रुळावर एकच इंजिन. दोन डीझेल एकामागे एक उभी करायची तर 420 मिमीच्या वर आतली जागा लागेल, तो बेत सोडा.

दार: आपल्या गाड्यांची रुंदी 3250 मिमीपर्यंत जाते, एचओमध्ये ते 37.4 मिमी होतात. दार 46 मिमी रुंद असेल तर दोन्ही बाजूंना चारेक मिमी मिळतात, सरळ रुळावर तेवढे पुरतात. उंचीला पँटो (छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) खाली असलेली डब्ल्यूएपी-7 रुळाच्या माथ्यापासून सुमारे 49 मिमी भरते, तेव्हा दार किमान 53 मिमी हवं. हे माप रुळाच्या माथ्यापासून घ्यायचं. किटची पाटी थेट प्लायवर आणि रूळ 3 मिमी कॉर्कवर असले तर दाराची उंची तिथेच 3 मिमीने कमी होते, वर स्लीपर आणि रूळ मिळून आणखी 5 जातात. म्हणून शेडखाली कॉर्क घालू नका, किंवा भिंतींखालीही तेवढ्याच जाडीची पट्टी द्या.

जुन्या युरोपियन किटची दारं वाफेच्या इंजिनांच्या मापाने, वरून कमानदार असतात. मधल्या उंचीला पँटो बसतो आणि छताच्या कडा कमानीला घासतात. पुठ्ठ्यावर इंजिनाची समोरची आकृती कापून दारातून सरकवून बघा.

आता तिसरं माप, जे बहुतेक जण बघत नाहीत. स्ट्रीमलाइन पॉइंटने रूळ समांतर केले की दोन रुळांच्या मध्यांतलं अंतर 51 मिमी येतं. 46 मिमीची दोन दारं तेवढ्यात बसवली तर मधला खांब 5 मिमीचा उरतो. म्हणून किटमध्ये दारांच्या मध्यांतलं अंतर साधारण 60 च्या आसपास ठेवलेलं असतं. उपाय सोपा आहे. स्ट्रीमलाइनचा कोन 12 अंश आहे. फाट्यानंतर रूळ समांतर करणारं वळण लगेच न देता मध्ये 42 मिमी सरळ तुकडा घाला, अंतर 9 मिमीने वाढून 60 होतं. पॉइंटच्या कागदी प्रती पेको देतं, त्या 100 टक्के मापात छापून आधी प्लायवर मांडा. रुंदीही जमते: 60 अधिक दोन्हीकडे 30-30, वर भिंती, झाले 126. तुमच्या 150 मध्ये आरामात.

धरमपेठ_एचओ
हे मांडून बघितलं तर दारासमोर सरळ रूळ फक्त 100 मिमी उरतो, त्याआधी 18 इंची वळण आहे. चालेल का? आणि ओओचं किट एचओ इंजिनांना मोठं दिसणार नाही का?

खापरी_यार्ड
100 मिमी चालणार नाही. डब्ल्यूएपी-7 च्या बोगींच्या (खालच्या चाकांच्या दोन संचांच्या) मध्यांत 12 मीटर, म्हणजे 138 मिमी. 457 मिमी त्रिज्येवर इंजिनाचं टोक रुळाच्या मध्यरेषेपासून बाहेर किती जातं ते काढा: लांबीचा वर्ग वजा बोगी-अंतराचा वर्ग, भागिले आठपट त्रिज्या. उत्तर 10 मिमी येतं. दारात मोकळे आहेत चार. मागची बोगी वळणावर असेपर्यंत पुढचं टोक तिरकंच राहतं आणि नेमकं तेच दारात शिरतं. दारासमोर एक पूर्ण इंजिन, किमान 240 मिमी सरळ हवं. तेवढं निघत नसेल तर शेड मागे सरकवा किंवा एकच रूळ ठेवून तो सरळ घ्या. दार कापून रुंद करणं हा शेवटचा उपाय, त्याने समोरची भिंत कमकुवत होते.

ओओ 1:76 आहे, एचओपेक्षा साडेचौदा टक्के मोठं. पण ब्रिटिश गाड्याच मुळात लहान. उंची साधारण 3.96 मीटर, ती ओओत 52 मिमी होते. म्हणजे ओओ शेडचं दार आपल्या एचओ इंजिनांना बरोब्बर मानवतं. खटकतं ते माणसांच्या दारात: दोन मीटरचं दार एचओत 23 मिमी, ओओत 26. बाजूचा छोटा दरवाजा आणि पायऱ्या बदला, बाकी फरक कळत नाही.

ब्रॉडगेजची शंका कोणी काढेल म्हणून सांगतो. 1676 मिमी गेज 1:87 मध्ये 19.3 मिमी व्हायला हवं आणि आपण 16.5 वर चालवतो. शेडला त्याने काही फरक पडत नाही, तिथे इंजिनाचं अंग मोजायचं असतं.

वर्धारोड_लाइन
मापांवर वर सगळं आलंय. मी साहित्यावर बोलतो, कारण टिनाखालची खोली आणि नागपूरचा मे महिना हा इथे सगळ्यात मोठा मुद्दा आहे. बाहेर 45 असताना त्या खोलीत, त्यातही खिडकीच्या उन्हात, लेआउट आणखी बराच तापतो.

किटचं पॉलिस्टायरीन हे सोसतं. पण थ्रीडी प्रिंट केलेलं पीएलए प्लास्टिकचं शेड कोणी सुचवलं तर घेऊ नका, पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि लांब भिंती वाकतात.

पुठ्ठ्याचा शत्रू पावसाळा. मेमध्ये कोरडा ठणठणीत झालेला पुठ्ठा जुलैत ओल ओढतो आणि छापील बाजू फुगायला लागते. इलाज असा: फेविकॉल पाणी न मिसळता पातळ थरात लावायचा, भिंत काचेखाली दाबून रात्रभर वाळवायची, आणि व्हार्निश आत-बाहेर दोन्हीकडे मारायचं. एकाच बाजूला मारलं तर दुसरी बाजू ओल घेते आणि भिंत धनुष्यासारखी वळते. आतल्या कोपऱ्यांत 5 मिमीच्या चौकोनी लाकडी काड्या चिकटवा. कसर पुठ्ठा खाते, तेव्हा बंद पडलेल्या लेआउटवर पुठ्ठ्याची इमारत झाकून ठेवा.

एमडीएफ स्वस्त आणि इथेच कापून मिळतं, पण त्याच्या कडा पाणी पितात. कापलेल्या कडांवर जळकी काजळी असते, तिच्यावर डिंक नीट धरत नाही. 240 नंबरचा कागद हलका फिरवा, चिकटवा, मग सँडिंग सीलरचे दोन हात. विटांचा उठाव एमडीएफमध्ये मिळत नाही. तुम्हाला पत्र्याचं आधुनिक शेड हवं असेल तर मात्र तेच उत्तम: वरून नालीदार प्लास्टिक शीट लावली की अजनीच्या शेडच्या वळणाचं काहीतरी उभं राहतं. जर्मन विटांच्या कमानी शेजारी डब्ल्यूएपी-7 मला तरी पटत नाही.

प्लास्टिक घेतलंत तर उन्हाळ्यात पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा द्रव) ब्रश भिंतीपर्यंत न्यायच्या आत उडून जातं. सकाळी काम करा. एका वेळी 30-40 मिमीचाच सांधा, आतल्या बाजूने. खिडक्यांच्या काचेला फेविक्विक अजिबात नको, तिच्या वाफेने काच पांढरी पडते. आणि स्प्रे मारताना कूलर बंद. ओल्या हवेत व्हार्निशवर पांढुरकी झाक येते, ती मग सहज जात नाही.

इतवारी_762
वेगळा विचार सुचवू का? 350 बाय 150 मध्ये ब्रॉडगेजचं शेड कोंबण्यापेक्षा नॅरोगेज घ्या. 762 मिमी गेज 1:87 मध्ये 8.8 मिमी येतं, म्हणजे 9 मिमीचे एन रूळ चालतात. इंजिनं आखूड, त्यामुळे वळणही लहान चालतं. फक्त शेड एन मापाचं घेऊ नका. ते 1:160 असतं, त्याच्या बाजूच्या छोट्या दरवाजातून एचओचा माणूसही जाणार नाही. एचओचं एका रुळाचं शेडच घ्या. नमुन्याला मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय घराजवळ आहे.

धरमपेठ_एचओ
नॅरोगेज पुढच्या वेळी नक्की. आत्ता शेड मागे सरकवून 240 सरळ काढतो आणि ओओ पुठ्ठा की एमडीएफ यावर डब्ल्यूएपी-7 बघून एमडीएफ घेतो. आतली फरशी आणि वायरिंग कसं करू?

खापरी_यार्ड
फरशी: प्रत्येक रुळाच्या दोन धातूच्या पट्ट्यांच्या मध्ये 2 मिमी जाडीची, 13.5 मिमी रुंद पट्टी. दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमीची खाच चाकाच्या कडेसाठी राहते. कोड 100 चा रूळ 2.54 मिमी उंच, त्यामुळे पट्टी अर्धा मिमी खाली बसते आणि रूळ घासायचा रबर अडत नाही. रूळ धरणारे प्लास्टिकचे पकडे खाचेत येतात, म्हणून पट्टीची खालची कड तिरकी घासा. नाहीतर ती वर उचलली जाते आणि इंजिनाची चाकं अधांतरी फिरतात.

वायरिंग: प्रत्येक रुळाच्या एका धातूच्या पट्टीला दाराबाहेर 20 मिमीवर प्लास्टिकचा जॉइनर (वीज तोडणारा जोड) आणि त्यावर एक साधा ऑन-ऑफ स्विच. दाराच्या आत तोडलंत तर एखादं चाक बाहेर राहून इंजिन शेडमधून आपोआप निघतं. वायर शेड बसवण्याआधी झाळा. रुळांच्या जोडांत अर्धा मिमी फट ठेवा, 914 मिमीचा रूळ 30 अंशांच्या फरकाने जवळपास तेवढाच वाढतो.

छत चिकटवू नका. आतून चारही बाजूंना 3 मिमीची पट्टी लावा, झाकणासारखं बसेल. रुळावरून उतरलेलं इंजिन काढायला दुसरी वाट नसते. आणि बाहेर ओव्हरहेड तारा लावणार असाल तर तार एचओत 63 मिमीवर येते, तुमचं दार 53 वर. पँटो खाली बांधूनच इंजिन आत घ्या.