लॉन्सचा डीजे: नियम फक्त रात्री १० नंतरचाच आहे का?

मखमलाबादकर:
नमस्कार मंडळी. आमच्या बिल्डिंगच्या मागे दीडशे मीटरवर एक लॉन्स आहे, नाव घेत नाही. लग्नसराई लागली की संध्याकाळी ७ ला डीजे सुरू ते साडेअकरा, खिडक्यांच्या काचा अक्षरशः थरथरतात, आणि वडिलांची बायपास झालेली आहे त्यामुळे ते उशी घेऊन मागच्या खोलीत जाऊन पडतात. मॅनेजरला भेटलो तर म्हणे "साहेब परवानगी आहे आमच्याकडे, आणि लग्न काय रोज असतं का" (तुमच्याकडे रोजच असतं की राव!). एकदा पोलिसांना फोन केला, ते आले, आवाज कमी झाला, त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली की परत तेच. मोबाईलच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपवर गॅलरीत ७८ ते ८२ डेसिबल दाखवतं. तर प्रश्न असा की १० च्या आधी काहीच करता येत नाही का? आणि परवानगी असली तर १० नंतर पण चालतं का?

सिडको_वाला:
१० च्या आधी मोकळं रान असतं भाऊ. कानात कापूस घाला नाहीतर तुम्ही पण जाऊन जेवून या 😄

कोर्टाच्या_पायरीवरून:
जेवायला जायची आयडिया चांगली आहे पण मोकळं रान वगैरे काही नसतं. केंद्राचे २००० सालचे ध्वनी प्रदूषण नियम आहेत, त्यात दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि उरलेली रात्र. रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. कमर्शियलला ६५ आणि ५५. शांतता क्षेत्राला, म्हणजे हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचे किमान १०० मीटर, सरकारने तसं जाहीर केलं असेल तर, ५० आणि ४०. वर खासगी जागेत स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज झोनच्या लिमिटपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये, हे लॉन्सवाल्यांना कोणी विचारतच नाही. तुमचा भाग रहिवासी असेल तर त्यांच्या कंपाउंडला दिवसासुद्धा ६० च्या वर चालत नाही, आणि तुमच्या गॅलरीत एवढं येतंय म्हणजे तिथे काय असेल बघा.

आता १० नंतरचं. स्पीकर, बँड, ढोल, कुठलंही वाद्य रात्री बंद, सूट आहे ती फक्त बंदिस्त जागेला, हॉल ऑडिटोरियम वगैरे. लॉन्सला वर आभाळ आहे, मांडव टाकला म्हणून ती बंदिस्त होत नाही. आणि "परवानगी आहे" म्हणतात ती दिवसाची असते. १० ते १२ ची सूट राज्य सरकार देतं, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, तेही सांस्कृतिक किंवा धार्मिक सणाला. कुणाच्या पुतण्याचं लग्न त्यात बसत नाही.

मेन मुद्दा म्हणजे तक्रार कशी करायची. नियमात दोन वाटा आहेत, एक तर आवाज लिमिटपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त वर गेलेला असला पाहिजे, नाहीतर रात्रीची बंदी मोडलेली असली पाहिजे. दुसऱ्या वाटेला आवाज मोजायचं मीटर लागतच नाही! त्यामुळे फोन करताना "खूप आवाज आहे हो" असं रडगाणं नको, "१० वाजून ५ मिनिटं झालीत, उघड्यावर स्पीकर चालू आहे" एवढंच सांगा आणि पत्ता द्या.

मखमलाबादकर:
हे माहीतच नव्हतं, आम्ही आपले डेसिबल मोजत बसलो. पण नाव बाहेर गेलं तर? लॉन्सवाला एरियातलाच आहे, रोज तोंड बघायचंय.

कोर्टाच्या_पायरीवरून:
जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने लाउडस्पीकरच्याच एका केसमध्ये पोलिसांना सांगितलंय की तक्रारदार कोण ते विचारत बसू नका आणि कळलं तरी समोरच्याला सांगू नका. गरज पडली तर तेवढं नम्रपणे आठवण करून द्या. ११२ ला केलेल्या फोनची वेळ लिहून ठेवा, तीन चार तारखा झाल्या की लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या.

बेस_कमी_कर_रे:
मी १४ वर्षं साउंडच्या लाईनमध्ये आहे, शिव्या घालणार असाल तर घाला. अ‍ॅपच्या आकड्यावर भांडू नका, मोबाईलचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला गंडतो. आणि काचा थरथरतात ना तो बेस आहे. नियमातले डेसिबल 'ए' वेटिंगचे असतात, त्यात खालचा आवाज फार कमी धरला जातो, ५० हर्ट्झला जवळपास ३० डेसिबल वजा होतात, म्हणजे काकांच्या छातीत जे धडधडतं ते मीटरवर नीट दिसतच नाही. म्हणून मॅनेजरला "आवाज कमी करा" म्हणू नका, तो टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) कमी करायला लावेल आणि बेस तसाच राहील. "सब बंद करा नाहीतर कमी करा" असं म्हणा, सब म्हणजे बेसचे मोठे स्पीकर. ऑपरेटरला कळतं बरोबर. बाकी १० वाजता बंद करायला आम्ही तयार असतो हो, पण नवऱ्याचे मित्र मिक्सरपाशी येऊन उभे राहतात, "दादा एकच, शेवटचं", आणि पेमेंट अजून बाकी असतं.

गोदाकाठची:
आमच्या पथकात पण असंच समजायचे, ढोलाला वायर नाही म्हणजे नियम नाही. मग वरचं वाचून कळलं की वाद्य पण त्यातच येतं 🙈 आमच्या गल्लीत सध्या रात्री काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालतो, त्याचं काय?

कोर्टाच्या_पायरीवरून:
रहिवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची मशीन चालवायला बंदी आहे, तोच कायदा, २०१० ची दुरुस्ती. हॉर्न आणि फटाके पण त्यात आहेत.

मखमलाबादकर:
शनिवारी मोठं लग्न आहे म्हणे तिथे. आधी एकदा नीट बोलून बघतो, सबचं सांगतो. मग १०:०५ आहेच.

बेस_कमी_कर_रे:
चारला जा, आम्ही तेव्हा वायरी ओढत असतो. वरात आल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही, ऐकूच येत नाही.