काळ-काम-वेग : सूत्र पाठ करायचं का प्रमाण लावायचं?

आठवीचा_बाप : काल पोराला चलनाचा (सम-व्यस्त प्रमाणाचा) धडा घेत होतो. 6 मजूर रोज 8 तास काम करून 100 फुटाची भिंत 15 दिवसांत बांधतात, तर 9 मजूर रोज 10 तास करून 150 फुटाची किती दिवसांत? पठ्ठ्याने क्लासचं सूत्र काढलं, माणसं गुणिले दिवस गुणिले तास, छेदात काम, त्यात काम वरचं खाली झालं आणि उत्तर 5.33 दिवस. खाली दोन रेघा मारून मोकळा! अरे तेवढीच 100 फूट असती तरी 8 दिवस लागले असते. मग सूत्र पुसायला लावलं. मजूर दीडपट म्हणजे 15 चे 10, तास 8 चे 10 झाले म्हणजे 10 चे 8, भिंत दीडपट म्हणजे 8 चे परत 12. दर पायरीला एकच विचारायचं, दिवस वाढणार का कमी होणार. माझं मत, हे सूत्र शाळेत शिकवूच नये.

भरती_पक्की : काका तुम्हाला वेळ आहे म्हणून 😄 पोलीस भरतीत 100 प्रश्न 90 मिनिटं, एकाला 54 सेकंद, तिथे वाढणार का कमी होणार बोलत बसलं तर पेपर राहतो. अ 12 दिवसांत, ब 18 दिवसांत, दोघं मिळून? लसावि 36, म्हणजे कामाचे 36 भाग धरायचे, अ रोजचे 3, ब रोजचे 2, 36 भागिले 5, 7.2 दिवस. संपलं. तुमच्या पोराने सूत्र चुकीचं लिहिलं, त्यात सूत्राचा काय दोष?

आठवीचा_बाप : दोष हा की चुकलंय हे सूत्र सांगत नाही. तुझंच गणित घे, वेग 3 ला 2, म्हणजे दोघांना अ च्या वेळेचा 3/5, 12 चे 7.2. लसावि लागलाच नाही. आणि ह्याच गणितात सरासरी काढून 15 लिहिणारी पोरं असतात, एकटा 12 दिवसांत करतो तर मदतीला माणूस आल्यावर 15 कसे लागतील रे बाबांनो.

उक्तं_काम : दोघंही कागदावरचे मुकादम. माझ्या साईटवर 6 चे 12 गवंडी केले तर काम निम्म्यात होत नाही, माल कालवणारा एकच, परांची एकच, निम्मे तंबाखू मळत उभे. स्लॅब टाकला की निदान 7 दिवस पाणी मारावंच लागतं, 50 माणसं आणा नाहीतर 1 आणा. आणि रोजंदारीवर जे 15 दिवस चालतं तेच उक्तं (पूर्ण कामाची एक रक्कम ठरवून) दिलं की 9 दिवसांत उरकतं, हे कुठल्या प्रमाणात बसवणार ते सांगा.

भरती_पक्की : भाऊ पेपरात तंबाखू नसते. बरं काका, दोघांचं जमलं, चौघं असले की लसाविच लागणार ना?

निवृत्त_बाई : नाही लागणार. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150 च्या सुमाराची) चार झऱ्यांचं गणित आहे, एकेकटे 1, 1/2, 1/3 आणि 1/6 दिवसात विहीर भरतात, चारही एकदम सोडले तर? दिवसाला 1, 2, 3 आणि 6 विहिरी, मिळून 12, म्हणजे उत्तर 1/12 दिवस. मी वर्गात हे तोंडी घ्यायचे, मागच्या बाकावरूनही उत्तर यायचं.

उक्तं_काम : बाई, झऱ्यांचं ठीक आहे, आमच्या बिल्डिंगला लाईन एकच, चार नळ उघडले की चौथ्या मजल्यावर थेंब येत नाही.