चेकलिस्टवर खुणा नेमक्या कधी करायच्या?

ट्यूटर_इंदूर
इंदुरात एएनएम (साहाय्यक परिचारिका) आणि स्टाफ नर्सना शिकवते. सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टचे चार टप्पे सगळ्यांना पाठ आहेत: दाखल करताना, जोर लावायला सांगण्याआधी, बाळ झाल्यावर तासाभरात आणि घरी सोडताना. तरीही कागद बघितला की चारही टप्प्यांच्या खुणा एकाच पेनाने, एका बसणीत केलेल्या दिसतात. रात्रपाळीला एकटीच सिस्टर असेल तर काय करता येईल?

लेबररूम_ग्वाल्हेर
ताई, सगळ्यात आधी दुसरा टप्पा धरा. नंतर भरलेल्या कागदाने नुकसान होतं ते तिथेच. खूण करायची ती वस्तूला हात लावून. ऑक्सिटोसिन, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन, 10 युनिट लागतं आणि अँप्यूल बहुतेक 5 युनिटचं येतं, म्हणजे दोन फोडायची. एकच फोडलं तर अर्धाच डोस जातो आणि कागदावर मात्र 'दिलं' असं दिसतं. बाळंतपण जवळ आलं की सिरिंज भरून, नाव लिहून ट्रेमध्ये ठेवा. अँप्यूल फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर हवं; मे महिन्यात दिवसभर ट्रेमध्ये पडलेल्या औषधावर भरवसा ठेवू नका. बाळ झाल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही ना हे हाताने चाचपूनच, मिनिटाच्या आत इंजेक्शन मांडीत द्यायचं.

बाळाला श्वास देण्याच्या बॅग-मास्कचंही तसंच. मास्क तळहातावर घट्ट दाबून बॅग पिळायची. दाब जाणवला नाही तर कुठेतरी हवा गळते आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाला 1 नंबरचा मास्क, कमी दिवसांच्याला 0. पुसून, चोळूनही बाळ श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटातच बॅग सुरू व्हायला हवी, मिनिटाला 40 ते 60 वेळा. तेव्हा मास्क शोधत बसलं तर ते मिनिट गेलंच.

मॅगसल्फ
पहिला टप्पा घाईत उरकू नका. बीपी 140/90 किंवा जास्त असेल तर लघवीतलं प्रोटीन तपासा. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं विचारा. बीपी 160/110 किंवा जास्त असून प्रोटीन असेल, 140/90 किंवा जास्त असून प्रोटीनसोबत यातलं एखादं लक्षण असेल, किंवा झटके आले, तर रेफर करण्याआधी मॅगसल्फचा (झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा) पहिला डोस द्यायचा: दोन्ही नितंबांत 5-5 ग्रॅम, खोल. 50 टक्क्यांच्या 2 मिलीच्या अँप्यूलमध्ये 1 ग्रॅम असतं, म्हणजे एकूण दहा अँप्यूल. इमर्जन्सी ट्रेमध्ये चारच असतील तर त्या खुणेला काही अर्थ नाही.

वाचक_वडोदरा
उत्तर प्रदेशात 120 केंद्रांच्या अभ्यासात 60 केंद्रांवर ही चेकलिस्ट प्रशिक्षकांच्या मदतीने राबवली आणि बाकीच्या 60 शी तुलना केली होती. निष्कर्ष 2017 मध्ये आले. कामाची पद्धत सुधारली, पण माता-बाळांच्या मृत्यूत फरक पडला नाही. प्रशिक्षकांच्या भेटी थांबल्यावर पाळणंही घसरलं. म्हणून कागद किती भरले हे मोजून भागत नाही. पर्यवेक्षिकेने ट्रे उघडून बघावा.

लेबररूम_ग्वाल्हेर
बरोबर. एकट्या सिस्टरसाठी एक उपाय: दुसऱ्या टप्प्याचा कागद टेबलाच्या डोक्याशी टांगा आणि सोबतच्या आयाबाईंना एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावा, हिंदीत असेल तर हिंदीतच. सिस्टरने वस्तू दाखवून 'हो' म्हणायचं, आयाबाईंनी खूण करायची. ग्लोव्हज घातलेल्या हाताने पेन धरावं लागत नाही. खुणा नंतर करण्याचं निम्मं कारण तेच असतं.