बर्फ काढायच्या गाड्या कोन बनवते? भाच्याची पोस्टिंग झोजिलाले लागली

रोटाव्हेटरवाला (दिग्रस तालुका):
राम राम मंडळी. माझा भाचा डिझेल मेकॅनिकचा आयटीआय करून बीआरओत (सीमेवरचे रस्ते सांभाळनारी सरकारी संस्था) लागला, आता त्याले काश्मीर-लडाखमधल्या झोजिला घाटाकडं पाठवून राहिले. त्यानं व्हिडिओ पाठवला, गाडीच्या समोर फिरते पाते अन् वरच्या नळीतून बर्फ पार दरीत. मी 20 वर्षं झाले रोटाव्हेटर, थ्रेशर दुरुस्त करतो पण गारपीट सोडली तर आपल्या इकडं बर्फ कोनं पाह्यला? पोरगा घाबरला आहे. या गाड्या कोन बनवते अन् जायच्या आधी त्याले काय शिकवू?

रिटायर्ड_पुसद:
भाऊ, मी बीआरओतच होतो. झोजिला साडेअकरा हजार फुटांवर, काश्मीरच्या बाजूनं बीकन अन् लडाखच्या बाजूनं विजयक प्रोजेक्टवाले बर्फ कापत येतात. मोठ्या मशीनले बरेचदा दोन इंजिन असतात, एक गाडी चालवायले, दुसरं बर्फ फेकायले. बर्फात दगड दडलेला असते, तो पात्यात आला की शेअर बोल्ट तुटते, तुटलाच पाहिजे, त्यासाठीच तो नरम असते. घाईत तिथं हाय टेन्साइल, म्हंजे जास्त कडक बोल्ट ठोकला की बोल्ट वाचते अन् गिअरबॉक्स फुटते. तुमच्या रोटाव्हेटरचंच गणित आहे हे! पोराले आठ दिवस दुकानात बसवा अन् फक्त शेअर बोल्ट बदलू द्या.

यंत्रवेडा_वर्धा:
बनवणाऱ्यांत एबी श्मिट मोठं नाव. एबी ही 1883 ची स्वित्झर्लंडची, सुरुवातच शेतीच्या यंत्रांपासून, अन् श्मिट 1920 ची जर्मनीची, 2007 मदी दोघी एक झाल्या. युरोपात युनिमॉग नावाच्या गाडीलेही समोर फाळ लावून बर्फ काढतात, ती गाडी तर मुळात शेतकऱ्यासाठी काढली होती, दोन चाकांतलं अंतर 1270 मिलिमीटर ठेवलं, म्हंजे बटाट्याच्या बरोबर दोन ओळी. आपन कपाशीत ट्रॅक्टर घालताना तेच पाहतो ना, चाक तासातून गेलं पाहिजे. शेतकऱ्याचंच डोकं आहे हे, भाच्याले सांगा.

वणीकर:
तिकडच्या देशात रस्त्यावर मीठ फेकायची गाडीही असते, मागं फिरती चकती, डिट्टो आपला खताचा स्प्रेडर. मिठानं पानी शून्यावर गोठत नाई, पन उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ काम देत नाई, मंग कॅल्शियम क्लोराइड लागते. अन् मीठ लोखंड खाते, युरियाची ट्रॉली धुतली नाई तर कशी सडते तसं. रोज धुवा म्हना.

रोटाव्हेटरवाला:
लय आधार झाला. आजच त्याले जुन्या रोटाव्हेटरखाली घातला, पहिला बोल्ट काढायले अर्धा तास लागला, तिसरा दहा मिनिटात. पुसदवाले दादा, डिझेल गोठते म्हनतात त्याचं काय?

रिटायर्ड_पुसद:
थंडीत डिझेलमदी मेण धरते अन् फिल्टर चोक होते. तिकडं थंडीचं वेगळं डिझेल मिळते. फिल्टर बदलून डिझेलच्या नळीतली एअर काढायलेही शिकवून टाका, हातमोजे घालून.