जावेशी अबोला आहे, कम्युनियन घ्यावं का?

उत्तनची कोळीण:
गेल्या रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कम्युनियनची (फादरांच्या हातून पवित्र भाकर घ्यायची) रांग लागली आणि मी बाकावरून उठलेच नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारची दोनदा कोपराने ढोसत होती, तिला वाटलं मला डुलकी लागली.

झालं असं. नोव्हेंबरात बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडीवरून माझं आणि मोठ्या जावेचं वाजलं. तिने बांबू माझ्या बाजूला रोवले असं माझं म्हणणं, मीच पुढे सरकले असं तिचं. भर किनाऱ्यावर मी तिचं माहेर काढलं. तिचा बाप दारूपायी गेला, ते बोलायला नको होतं. तेव्हापासून अबोला. दारं समोरासमोर; ती अंगणात आली की मी आत.

आणि तरी दर रविवारी कम्युनियन घेत होते! नाताळात कुमसारही केला, म्हणजे फादरांना पापं सांगून माफी मागितली. रागावले, खोटं बोलले, असं नेहमीचं सांगितलं. जावेचं तोंडावर आलं होतं, गिळलं. मग त्या रविवारी फादरांनी बायबलातला मत्तयचा पाचवा अध्याय काढला: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट करून ये. जाऊ माझ्या पुढे दोन बाक सोडून बसलेली.

आता आधी कुमसार की आधी जाऊ? आणि नाताळातलं ते अर्धं सांगितलेलं धुतलं गेलं का? आमच्या फादरांना विचारायची लाज वाटते, ते दोन्ही घरी जेवायला येतात.

पापडीचे मास्तर:
ताई, बरीच वर्षं मुलांना धर्मशिक्षण देतोय, तेवढ्या जोरावर सांगतो. पाप मोठं ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे ठाऊक हवं, आणि तरी राजीखुशीने केलेलं हवं. तापल्या डोक्याने तोंडातून गेलं ते एक. महिनोन् महिने ठरवून तोंड फिरवणं वेगळं. मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते. मोठं पाप मनात ठाऊक असताना कुमसाराशिवाय कम्युनियन घेऊ नये, असं चर्चच्या कायद्याचं ९१६ वं कलम सांगतं. लहान पापांना ती सक्ती नाही.

नाताळाचं म्हणाल तर, विसरलेलं पाप माफ होतं. मोठं पाप मुद्दाम दडवलं, तर तो कुमसार लागू होत नाही. तुम्ही स्वतःच 'गिळलं' लिहिलंय. तर पुन्हा जा आणि हेही सांगा. शेजारच्या चर्चमधले फादर चालतील. आणि कुमसारातलं एक अक्षर फादर बाहेर काढू शकत नाहीत, तुमच्याकडे जेवतानाही नाही.

उगाच आठवलं: माझी आजी कम्युनियनआधी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब घेत नसे. १९५७ साली उपास तीन तासांवर आला, १९६४ साली एका तासावर. आता आम्ही घड्याळ बघून चहा पितो.

रत्नागिरीकर:
आम्ही प्रोटेस्टंट. प्रभुभोजन, म्हणजे आमचं कम्युनियन, महिन्यातून एकदा. पाळकांच्या कानात सांगायची रीत नाही. कबुली सगळी मंडळी मिळून म्हणते, बाकी ज्याचं त्याने देवाजवळ. पण मास्तर, बायबलात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीवर चिडला कशावरून? प्रभुभोजनाला काही जण आधीच जेवून मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. म्हणजे भांडण पंगतीतलंच. आणि तो म्हणतो, स्वतःला पारखून मग खा. उपाशी राहा असं म्हणत नाही. कोळीणताई, एक रविवार बसलात ते ठीक, त्याची सवय लावू नका.

सुका जवळा:
वलांडीची हद्द आधी ठरवा. नाहीतर समेट ईस्टरला आणि भांडण मे महिन्यात.

उत्तनची कोळीण:
मास्तर, 'गिळलं'वर बरोबर पकडलंत. शनिवारी रिक्षा करून शेजारच्या चर्चला जातेय.

काल जावेकडे गेले. ती बोंबील निवडत होती, वर बघेना. म्हटलं, वहिनी, तुझ्या बापाचं बोलले ते चुकले. बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "तो प्यायचा, हे खोटं नाही. पण तू सगळ्यांपुढे बोललीस." आणि पुढे, "वलांडी दीड हात मागे घे."

घेईन. पण दीड हात कोणाचा, तिचा की माझा? तिचा हात चांगलाच लांब आहे.