मदत हवी आहे: बाबांच्या लक्षात असायचं ते मी कसं जपू?

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला आमची पिठाची गिरणी आहे. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून जूनपासून मी बसते. बाबांना प्रत्येकाचं दळण तोंडपाठ. डबा बघूनच ओळखायचे, चिठ्ठी लागायची नाही.

परवा एक जुन्या काकू आल्या. झाकण उघडून चिमूटभर पीठ बोटांवर चोळलं आणि हळूच म्हणाल्या, "थालीपिठाला इतकं बारीक नाही गं चालत. बाबांना सांगावं लागायचं नाही." रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. भाजणी त्यांनी घरी तासभर उभं राहून भाजली होती.

गव्हावर ज्वारी टाकली की आधीचं पीठ थोडं मिसळतंच. ग्लूटेन न चालणाऱ्यांना मी हे आधीच सांगते, वेगळी चक्की येईपर्यंत त्यांचं दळण घेत नाही. ते जमतंय. अडतंय ते आवडीनिवडींपाशी.

शिलाई, इस्त्री, किराणा अशी रोजची दुकानं चालवणाऱ्यांनो, तुम्ही नोंद वहीत ठेवता की मोबाइलवर? डब्याच्या बुडाला नाव आणि 'जाडसर' अशी पट्टी चिकटवली तर लोकांना चालेल का? दिवाळीच्या भाजण्या सुरू व्हायच्या आत हे बसवायचंय.